सगळ्या वायरी लाल

आमच्या ट्रकच्या हॉर्नचा आवाज आज मला आठवत नाही, घंटीचा मात्र लख्ख आठवतो. भंगारात निघालेल्या कुठल्याशा प्रवासी बसची ती घंटी होती. अण्णांनी ती आणून ड्रायव्हरच्या डोक्यावर बसवली होती आणि तिचं बटण पार मागे, हौद्याच्या कोपऱ्यात काढलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. मंगळवेढ्याच्या माळावरची मेंढरं आणि शेरडं बाजारांना पोचवायचा त्यांचा धंदा होता, कधी सांगोल्याला, कधी मैंदर्गीला. जनावरांबरोबर त्यांचा राखणदार हौद्यातच बसायचा. दाटीत एखादं मेंढरू खाली बसलं की बाकीची त्याला तुडवतात, म्हणून ते दिसताक्षणी राखणदारानं बटण दाबायचं. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, बसच्या कंडक्टरचीच रीत. एक घंटी झाली की अण्णा बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून क्लच दाबायचे. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून जाताना मला त्या घंटीचा राग यायचा, कारण कितीतरी गोष्टी माझ्या ऐकायच्या अर्ध्याच राहिल्या.

ट्रक जुना होता. लष्कराच्या लिलावातून आलेला, लांब नाकाचा. आमच्या भागात त्याला सगळे ‘नाकाडी’ म्हणायचे, आणि नाकाडी म्हटलं की कुणाची गाडी हे विचारावं लागायचं नाही. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून अण्णांनी दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं डिझेल इंजिन त्यात बसवलं होतं. हौद्यात लाकडी माळा घातला होता, म्हणजे खाली मेंढरं आणि वर शेरडं. माळ्याखाली एक पंखा आणि दोन दिवे. जुनी गाडी बारा व्होल्टची, नवं इंजिन चोवीस व्होल्टचं. त्यावर अण्णांनी काढलेला तोडगा असा, की दोन बॅटऱ्या जोडून दोन्हींच्या बळावर सेल्फ मारून इंजिन चालू करायचं आणि दिवे, पंखा, घंटी एकाच बॅटरीवर चालवायची. हे सगळं वायरिंग त्यांनी स्वतः ओढलं होतं आणि ते सगळं एकाच रंगाच्या वायरीत होतं. लाल. जुन्या बाजारात त्यांना लाल वायरीचं एक मोठं भेंडोळं मिळालं होतं, तेवढंच त्यांना पुरलं.

एकच रंग का, हे त्यांना पुष्कळांनी विचारलं होतं. अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं. “मेंढरं काय रंगावरनं वळखतो व्हय आपण?” आमच्या घराण्यात कळपातल्या मेंढराला खूण करणं कमीपणाचं मानत. दुसऱ्याचे कळप मिसळले तरी माझे आजोबा नुसत्या तोंडावरून आपली मेंढरं वेगळी काढायचे. कानाला काप देणारे किंवा पाठीवर गेरू फासणारे लोक आमच्या दृष्टीनं कच्चे राखणदार. अण्णा सोलापुरात येऊन ड्रायव्हर झाले, पण ही ऐट त्यांच्याबरोबर आली. कुठली वायर कुठं जाते हे त्यांना दिसायचं, आणि ते दुसऱ्या कुणाला दिसावं अशी गरज त्यांना कधी वाटली नाही.

आता माझ्या घरी मीटरच्या पेटीत प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटवलेली आहे. गॅसची नळी कधी बदलली, पाण्याची टाकी कधी धुतली, सगळ्यावर चिठ्ठ्या. मुलगा मला हसतो, म्हणतो, आई, तुझ्या कपाळावर पण एक लाव. मी लावूही देईन.

आमचं घर शहराच्या पूर्वेकडच्या टोकाला होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीसमोरच्या लिंबाखाली नाकाडी. पलीकडच्या भिंतीला लागून यंत्रमागांची शेड होती. तिथले लोक आपसात तेलुगू बोलायचे आणि आमच्याशी मराठी. मागांचा खडखडाट सकाळी सुरू व्हायचा तो दिवसभर. त्या आवाजात बोलायची सवय झाल्यामुळे आम्ही घरातली माणसं इतरांना भांडखोर वाटत असू. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की आम्हाला आमचाच आवाज मोठा वाटायचा. आई आठवड्याच्या कडक भाकरी एकदम करून ठेवायची. अण्णा त्या दुधात कुस्करायचे नाहीत. शेंगाचटणी आणि कांद्याबरोबर मोडून खायचे, आणि त्या मोडण्याचा कडकड आवाज मागांच्या आवाजातसुद्धा ऐकू यायचा. अण्णा घरी आहेत, ही त्याची खूण.

मी कॉलेजात वाणिज्य शाखेला होते तेव्हा अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर काही दिवसांनी एक शब्द परत आला. ‘व्हय’. तो अगदी त्यांच्या जुन्या आवाजात, ठणठणीत यायचा. आईनं त्या दिवशी शेजारी साखर वाटली. आता हळूहळू बाकीचे शब्दही येतील असं डॉक्टर म्हणाले होते. ते आले नाहीत. पण आईला तो एक शब्द पुरेसा होता. तिनं त्याच्यावर घर चालवायला घेतलं. “आज हुलग्याचं माडगं करू का?” “व्हय.” “पडवीत बसायचं न्हवं?” “व्हय.” कडक भाकरी आता त्यांना गिळवत नव्हती, म्हणून त्यांच्यापुरतं पातळ माडगं आणि मऊ भात. भाकरी मोडण्याचा आवाज घरातून गेला. आम्ही खायचो तेव्हाही आधी भिजवून खायचो.

नाकाडी उभीच होती. अण्णांचा धाकटा भाऊ, आमचा नाना, पूर्वी त्यांच्याबरोबर क्लीनर म्हणून जायचा आणि अलीकडे गाडी चालवायलाही लागला होता. अण्णा जरा सावरल्यावर त्यानं गाडी बाहेर काढायचं ठरवलं. बॉनेट उघडलं तर उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. नानानं दिसतील ती टोकं जोडली, टेप गुंडाळला आणि चावी फिरवली. लांब नाकाच्या दोन्ही बाजूंनी पांढरा धूर निघाला. आम्ही बादल्या घेऊन धावलो. आग वाढली नाही, पण डॅशबोर्डाच्या मागचं आणि इंजिनावरचं सगळं वायरिंग वितळून एकमेकाला चिकटलं. अण्णा पडवीतल्या बाजेवर बसून बघत होते. नाना त्यांच्याकडे वळून म्हणाला, “दादा, माझं चुकलं.” अण्णा म्हणाले, “व्हय.” तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग आले युसूफभाई. रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं बॅटरी-वायरिंगचं दुकान होतं. माणूस हुशार, पण हुशारीपेक्षा बोलणं जास्त. “मेरे हाथसे कितनी गाड्या गयी मालूम है? वायरीला हात लावला की सांगतो, कुठून आली, कुठं जाती.” असं म्हणत ते नाकाडीच्या खाली शिरले. बऱ्याच वेळानं बाहेर आले, हात पुसले आणि अण्णांसमोर उकिडवे बसले. “दादा, ये क्या करके रख्या तुम? सब लाल. एक बी खूण नक्को?” अण्णांचा अर्धा चेहरा हसला. “व्हय,” ते म्हणाले. युसूफभाई माझ्याकडे वळले. “बेटी, तेरा बाप मेरी मस्करी कर रहा है.”

वायरिंगचा सेट पूर्ण बदलावा लागणार होता, आणि तीन वाटा होत्या. पहिली, जुन्या मॉडेलचा तयार सेट. तो जुन्या बाजारात शोधून मिळाला असता, पण पेट्रोल इंजिनासाठी बनवलेला, बारीक वायरींचा. आताच्या सेल्फचा भार त्याला झेपला नसता. दुसरी, जे इंजिन बसवलं होतं त्या गाडीचा तयार सेट. नवाकोरा, रंगीत वायरींचा, इंजिनाच्या बाजूला एकेक टोक बरोबर बसणारा. पण ती गाडी चपट्या तोंडाची, म्हणून सेट नाकाडीला आखूड. शिवाय तो पूर्ण चोवीस व्होल्टचा. बल्ब बदला, काटे बदला, म्हणजे अण्णांचा डॅशबोर्ड काढून टाका. पंखा, माळ्याखालचे दिवे, घंटी यांना त्यात जागाच नव्हती. तिसरी वाट हातानं बांधलेल्या सेटची. जळकी वायर जिथं जिथं जात होती तिथं तिथं नवी ओढायची, म्हणजे सगळं होतं तसं राहील. त्यासाठी मात्र कुठली कुठं जात होती ते माहीत हवं. मी टेपनं गाडीचं नाक मोजलं, सेटची लांबी विचारून घेतली, वजाबाकी केली. आकडे सोपे होते. पण आकड्यांनी ठरण्यासारखा हा प्रश्न नव्हता.

“हुतं तसंच करा,” आई म्हणाली. “त्येंनी केलंय त्ये मोडायचं न्हाय.”

“वैनी, पन सांगनार कोन? ह्या गुंत्यातली एक तरी वायर वळखू येती का?” नाना म्हणाला.

“सांगनारा बसलाय की फुडं. बोलता येत न्हाय, पन व्हय तर म्हनता येतंय. इचारा त्येंना.”

आम्हाला सगळ्यांना हे पटलं. मलासुद्धा. शेजारच्या शेडमधून मी रंगीत सुताचे तुकडे मागून आणले, चादरींच्या कामातले उरलेले. हिरवं सूत दिव्याला, पिवळं सेल्फला, निळं पंख्याला, असं मी ठरवलं. युसूफभाई एकेक टोक वर धरायचे, आई अण्णांना विचारायची आणि मी सूत बांधायची. “ही म्होरल्या दिव्याची का?” “व्हय.” हिरवं. “ही सेल्फची?” “व्हय.” पिवळं. काम इतकं झरझर चाललं की युसूफभाई गाणं गुणगुणायला लागले. आई मधूनमधून नानाकडे बघायची, बघ म्हणत होते ना, अशा नजरेनं. इतका वेळ आई आणि अण्णा समोरासमोर बसून एका कामात गुंतलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

सुताच्या खुणांवरून युसूफभाईंनी पुढच्या दिव्यांचं वायरिंग आधी बांधलं. बटण ओढलं आणि दोन्ही दिवे क्षणभर पांढरे झगझगीत पेटून फट्‌दिशी गेले. बारा व्होल्टच्या बल्बना चोवीस मिळाले होते. हिरवं सूत बांधलेली वायर दिव्यांची नव्हतीच. युसूफभाई जळलेले बल्ब काढायला लागले.

नानानं मात्र बोलायचं ठरवूनच ठेवलेलं होतं. एका ओळखीच्या मालकाकडे ड्रायव्हरची जागा रिकामी होती, ते लोक त्याच्यासाठी फार थांबणार नव्हते. नाकाडी लवकर रस्त्यावर आली तर तो राहणार, नाहीतर जाणार. तो गेल्यावर गाडी चालवणारं घरात कुणी नव्हतं, म्हणजे ती भंगारात. हे तो दुष्टाव्यानं म्हणत नव्हता. तो बाजेशी जाऊन बसला आणि विचारलं, “दादा, जमत नसंल तर गाडी इकून टाकू का?” “व्हय,” अण्णा म्हणाले.

आई आतून परात तशीच टाकून आली, हाताला पीठ. “आवं, गाडी ठिवायची न्हवं का आपल्याला?”

“व्हय.”

“बगा,” आई नानाला म्हणाली.

“बगा काय? मलाबी व्हयच म्हनलं न्हवं का?”

“तुमी इचारलं वाकडं.”

“वैनी, आवं, इकू का म्हनून इचारलं. त्येच्यात वाकडं काय हाय?”

अण्णा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत मला तेव्हा जे दिसलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. वर्गात मास्तरांनी नाव घेऊन उठवावं आणि प्रश्नच ऐकू आलेला नसावा, तसे ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी आई गिरणीत दळण घेऊन गेली होती. मी अण्णांच्या पायाशी बसले. पदवीच्या अभ्यासात आम्हाला शिकवलं होतं की हिशोब जुळला म्हणजे तो बरोबरच असेल असं नाही, उलट बाजूनंही तपासावा. मी आदल्या दिवशीची पिवळं सूत बांधलेली वायर त्यांच्यापुढे धरली. “अण्णा, ही पंख्याची का?” “व्हय.” “मग ही सेल्फची न्हाय?” “व्हय.” “अण्णा, आज आइतवार हाय का?” “व्हय.” भिंतीपलीकडे माग धडाधड चालू होते, आइतवार कुठला? मग मला थांबता येईना. “अण्णा, तुमी कलेक्टर हाय का?” “व्हय.” मी हसले, तेही अर्ध्या तोंडानं हसले. आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो. “अण्णा, मी तुमची आई हाय का?” असंही मी विचारलं. ते “व्हय” म्हणाले आणि त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मग मी विचारायचं बंद केलं.

आई दळण घेऊन आली तेव्हा मी तिच्या हातातला डबा घेतला. तिला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? माडगं करू का, पडवीत बसू या का, ह्या रोजच्या दोन-चार प्रश्नांवर ती उभी होती. ते प्रश्न काढून घेतले असते तर तिच्याजवळ काय उरलं असतं? पण एक गोष्ट मला स्पष्ट झाली. या घरात आता जो प्रश्न विचारेल त्याचंच उत्तर येणार. नानानं विचारलं तर गाडी विकायची, आईनं विचारलं तर जळक्या वायरी तशाच लोंबत ठेवून वाट बघायची. तिसरं माणूस मीच होते.

संध्याकाळी युसूफभाई आले, नाना होता, आई चुलीपाशी होती. मी तिला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “अण्णा, इंजिनाच्या गाडीचा रंगीत सेट आणून बसवू या का? वाढवून घेऊ, डॅशबोर्ड बदलू. घंटी तेवढी येगळी वायर वडून ठिवू.”

“व्हय,” अण्णा म्हणाले.

नानाला हवं तेच होतं. युसूफभाई म्हणाले, “हौ, घंटीका मैं देखता.” आई पदराला हात पुसत माझ्याकडे बघत राहिली, अण्णांकडे नाही. मग म्हणाली, “आता हितनं फुडं तूच इचारत जा.” आणि आत गेली. तिला किती कळलं होतं, कधीपासून कळलं होतं, हे मी तिला पुढे इतकी वर्षं मिळूनसुद्धा विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून घरातलं लहानमोठं सगळं अण्णांना मी विचारू लागले. माझ्या नोकरीचं, माझ्या लग्नाचंसुद्धा. उत्तर काय येणार हे माहीत असताना प्रश्न विचारायला फार विचार करावा लागतो. आज मी घरात काहीही ठरवायला वेळ लावते म्हणून सगळे वैतागतात, त्याचं मूळ तिथं आहे.

सेट आला. निळ्या, पिवळ्या, काळ्या, तपकिरी वायरींची ती जुडी युसूफभाईंनी पडवीत पसरली तेव्हा ती एखाद्या लग्नातल्या आहेरासारखी दिसत होती. नाकाच्या लांबीएवढा प्रत्येक वायरीला त्यांनी जोड दिला. जुनं वायरिंग उपसून लिंबाखाली टाकलं. लाल, काळवंडलेलं, माझ्या सुताच्या चुकीच्या खुणांसकट. अण्णांच्या बाजेचं तोंड मी घराकडे फिरवलं होतं, पण ते मान वळवून बघत होते. घंटीसाठी वायर हवी होती. नानानं घरातल्या माळ्यावरून अण्णांच्या जुन्या भेंडोळ्यातला उरलेला तुकडा काढून दिला. तेवढी एक नाकाडीत लाल राहिली.

गाडी चालू करायच्या दिवशी आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं. अण्णांना उचलून आम्ही केबिनमध्ये घेतलं. स्टिअरिंगवर नाना, मध्ये अण्णा, दाराशी त्यांना धरून मी. “दादा, मारू का सेल्फ?” “व्हय.” पहिल्या फेरीत इंजिन लागलं. दिवे लागले, काटे हलले. सगळं नवं, सगळं बरोबर. अण्णा समोरच्या काचेतून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. शेजाऱ्याच्या गाडीत बसल्यासारखे ते बसले होते. मला वाटलं, झालं, त्यांची गाडी आपण घालवली.

तेवढ्यात मागून युसूफभाईंनी तपासायला म्हणून बटण दाबलं. घंटी वाजली. एक.

अण्णांचा डावा पाय उचलला गेला आणि खाली रेटला गेला. तिथं काही नव्हतं, नुसता पत्रा होता. क्लच पलीकडे नानाच्या पायाखाली. पण पाय पत्र्यावर टाच न उचलता घट्ट दाबून राहिला, मांडी थरथरत होती, आणि मान मागच्या झरोक्याकडे वळली होती. हौद्यात मेंढरू पडलंय का ते बघायला. “दादा?” नाना म्हणाला. अण्णा ‘व्हय’सुद्धा म्हणाले नाहीत. इतके दिवस आम्ही त्यांना जे जे विचारलं त्यातलं काही त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं, आणि हे गेलं होतं.

मागे युसूफभाईंचं समाधान झालं होतं, ते खाली उतरून विडी पेटवत असावेत. घंटी पुन्हा वाजत नव्हती. अण्णा पाय सोडत नव्हते. नाना त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणत होता, “दादा, आसू द्या. दादा, काय न्हाय.” त्याचा उपयोग नव्हता. रीत अशी होती की दोन घंट्या आल्याशिवाय सोडायचं नाही.

मी नानाला अण्णांना धरायला सांगितलं, खाली उतरले, गाडीला वळसा घालून फाळक्यावर पाय देऊन हौद्यात चढले. माळ्याखाली अजून शेरडांचा वास होता. कोपऱ्यात बटण होतं, लाल वायर तिथंवर आली होती. मी दोनदा दाबलं, मध्ये पुरेसा वेळ ठेवून, राखणदार दाबायचे तसं.

तिथून केबिनमधलं काही दिसत नव्हतं. मी बटणावर बोट ठेवून थांबले. थोड्या वेळानं गाडी हलली.